काट्याला न दिसलेली चरबी

इंग्लंडच्या हर्टफर्डशर परगण्यात १९११ पासून सुईणी प्रत्येक बाळाचं जन्मवजन वहीत टिपून ठेवत. साउदॅम्प्टनच्या डेव्हिड बार्कर यांनी पुढे त्या जुन्या वह्या शोधून काढल्या. १९८९ मध्ये त्यांनी मांडलं, की जन्मताना आणि पहिल्या वर्षी वजन कमी असलेले पुरुष हृदयविकाराने जास्त मरतात.

मग आपल्याकडे काय? इथे तर बाळं लहानच जन्मतात, आणि मधुमेहही तिशी-चाळिशीतच गाठतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत बाळंतपणाच्या आधीपासूनच बायकांची मोजमापं घेऊ लागले. या बायकांचं सरासरी वजन होतं जेमतेम ४२ किलो.

त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची, साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. काट्यावर विषय इथेच संपला असता. पण या लोकांनी बाळांच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून कॅलिपरने तिची जाडीही मोजली. २००३ मध्ये छापलेल्या निष्कर्षांनुसार पुण्याच्या बाळांचं पोट बारीक होतं, दंडावर मांस कमी होतं. पाठीवरची चरबी मात्र त्या मानाने फारच थोडी घटलेली. म्हणजे आपलं बाळ इंग्रज बाळाची छोटी आवृत्ती नव्हतं, त्याची घडणच वेगळी होती. 'थिन-फॅट' हे नाव तिथून रूढ झालं.

पुढच्याच वर्षी 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिकांचा आणि त्यांचे ब्रिटिश मित्र जॉन युडकिन यांचा फोटो आला. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! (स्वतःलाच पुरावा म्हणून उभं करणारे संशोधक मला भारी आवडतात.)

हे सगळं रक्तातच आहे, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. १८७३ पासून मजुरीसाठी सुरिनामला नेलेल्या भारतीयांच्या चौथ्या-पाचव्या पिढीतही अशीच बाळं आढळली, हेही खरं. पण उपाशी, खुज्या आयांच्या पिढ्यांचा वारसाही गर्भातूनच पुढे जातो, आणि 'वंश' म्हटलं की त्या आया नजरेआड होतात. पुण्याच्या त्याच गावांत ज्या गरोदर बायका पालेभाज्या आणि फळं जास्त वेळा खात, त्यांची बाळं मोठी होती. मेथी-चाकवताची जुडी कुणाच्या ताटात पडते, हे वंश ठरवत नाही.