किरणपाणीची होडी आणि परदेशवासाचा नवा परवाना

गेल्या चतुर्थीस आरोंद्याच्या आमच्या घरी गणपतीसमोर सारे कुटुंब एकत्र जमले असता, पुण्यास संगणकाचे काम करणाऱ्या पुतण्याने आपण येत्या वर्षी पोर्तुगालात जाऊन राहणार असल्याचे सांगितले. घरातील वयोवृद्ध काकींनी लागलीच विचारले, "नोकरी सोडलंस काय बदली झाली?" तो म्हणाला, "दोन्ही नाय, काकी. नोकरी तीच, काम तांच. बसाची जागा तेवढी बदलतली."

काकींचे त्याने समाधान झाले नाही, आणि खरे सांगावयाचे तर माझेही झाले नाही. परदेशी जावयाचे ते विद्येसाठी, चाकरीसाठी अथवा व्यापारासाठी, ही कारणे आपल्या परिचयाची आहेत. परंतु ज्या देशात जावयाचे त्या देशात चाकरी धरावयाची नाही, आपली मूळची चाकरी बरोबर घेऊन जावयाचे, आणि केवळ याच अटीवर तेथे राहावयास परवानगी मिळावयाची, हा प्रकार आमच्या पिढीस अपूर्व होय. ज्ञातीतील अनेक घरांत आज हाच विषय निघत आहे. म्हणून आपल्या लोकांच्या देशांतराचा आणि त्यासाठी लागणाऱ्या परवान्यांचा थोडासा मागोवा घेण्याचे योजिले आहे.

परदेशगमनाची परवानगी पूर्वी कोण देत असे? सरकार नव्हे, तर ज्ञाती. सन १८८८ मध्ये मोहनदास गांधी बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेस निघाले, तेव्हा मुंबईत त्यांच्या मोढ वणिक ज्ञातीची सभा भरली. शेटजींनी त्यांस वाळीत टाकले आणि त्यांस साहाय्य करणाऱ्यास किंवा धक्क्यावर निरोप देण्यास जाणाऱ्यास सव्वा रुपया दंड ठरविला. त्या काळी विलायतेच्या आगबोटीत पाऊल ठेवण्यासाठी सरकारी पारपत्राची सक्ती नव्हती. अडसर होता तो जातगंगेचा. महाराष्ट्रातही समुद्रगमन, प्रायश्चित्त आणि पंक्तिव्यवहार यांवरून दीर्घकाळ वाद माजले. पुढे चक्र उलटे फिरले. पहिल्या महायुद्धात पारपत्रांचा बडिवार वाढला, आपल्याकडे सन १९२० चा पारपत्रविषयक कायदा आला, आणि ज्ञातीचा अडसर जसजसा सैल झाला तसतसा सरकारी कागदाचा अडसर घट्ट होत गेला. सन १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परदेशप्रवास हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग असल्याचा निर्वाळा दिला, तेव्हा त्याच वर्षी आजचा पारपत्र कायदा झाला. आज ज्ञातिसंस्था परदेशी जाणाऱ्या तरुणाचा नारळ देऊन सत्कार करते आणि तो बिचारा परकीय वकिलातीच्या दारी कागदांची चळत घेऊन उभा असतो. सव्वाशे-दीडशे वर्षांत झालेला हा पालट लक्षात ठेवण्याजोगा आहे.

आरोंदेकरांना मात्र परवान्याचे महत्त्व शिकण्यासाठी विलायतेस जाण्याचे कारण नव्हते. आपल्या गावाच्या पायथ्याशीच तेरेखोलची खाडी वाहते. सन १७४६ मध्ये पोर्तुगिजांनी खाडीच्या मुखावरील तेरेखोलचा किल्ला सावंतवाडीकर भोसल्यांकडून जिंकून घेतला, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस समोरचा पेडणे महालही त्यांच्या ताब्यात गेला. तेव्हापासून सन १९६१ पर्यंत खाडीच्या ऐलतीराची आणि पैलतीराची राज्ये निराळी राहिली. भाषा एक, देवदेवस्की एक, सोयरसंबंध दोन्ही तीरांवर. परंतु किरणपाणीची होडी ओलांडली की राज्य बदलले. सन १९५४-५५ मध्ये गोवा मुक्तीचा लढा भरास आला, भारत सरकारने आर्थिक नाकेबंदी केली, पोर्तुगालशी राजनैतिक संबंध तुटले, आणि येण्याजाण्यावर कडक निर्बंध आले. लेकीचे माहेर ऐलतीरी आणि सासर पैलतीरी, अशा घरांची त्या काळात झालेली कुचंबणा वडील मंडळी आम्हांस सांगत. चूल दिसे, चुलीचा धूर दिसे, परंतु जाता येत नसे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि तो परवाना इतिहासजमा झाला. आज तेथे पूल आहे, आणि त्यावरून जाणाऱ्या मुलास ही एकेकाळी आंतरराष्ट्रीय सीमा होती, हे सांगूनही खरे वाटत नाही.

या पार्श्वभूमीवर आपल्या लोकांच्या स्थलांतराकडे पाहिले असता त्याचे तीन टप्पे स्पष्ट दिसतात.

पहिला टप्पा मुंबईचा. वेंगुर्ल्याहून आगबोटीने आणि पुढे एस. टी. ने दक्षिण कोकणातील पुरुष मुंबईस गेला तो गिरणीत, गोदीत, कचेरीत अथवा खानावळीत. एका गावच्या मंडळींनी मिळून एक खोली धरावी, पाळीपाळीने झोपावे, आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मनीऑर्डर करावी, असा हा क्रम. चाकरमानी गेला तरी घर गेले नाही. बायको, आईवडील, शेत आणि देव गावीच राहिले. शिमगा व चतुर्थी या त्याच्या परतण्याच्या तिथी ठरल्या. या स्थलांतरास कोणताही परवाना लागला नाही. परंतु त्याची किंमत घरच्या स्त्रियांनी भरली, हे आपल्या स्मरणिकांतून क्वचितच लिहिले जाते.

दुसरा टप्पा परदेशातील चाकरीचा. सन १९७३ नंतर तेलाच्या किमती वाढल्या व आखाती देशांत कामगारांची मागणी निघाली. सन १९८३ च्या उत्प्रवास कायद्याने अल्पशिक्षित कामगाराच्या पारपत्रावर तपासणीचा शिक्का आला. पुढे दहावी उत्तीर्ण झालेल्यास त्यातून सूट मिळाली. तिकडे अमेरिकेने सन १९९० च्या कायद्यान्वये 'एच-१बी' प्रवेशपत्राची सोय केली आणि संगणकतज्ज्ञांची रीघ लागली. या दोन्ही वाटांवर परवाना हा मालकाच्या हाती असे. चाकरी सुटली की राहण्याचा हक्क डळमळला. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी परदेशातून नव्याने आणावयाच्या 'एच-१बी' कर्मचाऱ्यामागे एक लक्ष डॉलर शुल्काची घोषणा केली, तेव्हा एका रात्रीत किती घरांतील झोप उडाली, हे आपण पाहिलेच.

तिसरा टप्पा हाच आजचा विषय. 'डिजिटल नोमॅड', म्हणजे संगणकावर पोट असलेला भटक्या, हा शब्दप्रयोग त्सुगिओ माकिमोतो व डेव्हिड मॅनर्स यांच्या सन १९९७ मधील ग्रंथाने रूढ केला. पण त्यास खरे बळ दिले ते सन २०२० च्या महामारीने. मार्चमध्ये टाळेबंदी झाली, कचेऱ्या बंद पडल्या, आणि काम मात्र चालू राहिले. मुंबई-पुण्याचे चाकरमानी गावी आले. प्रथम शाळांतून विलगीकरणात राहिले, आणि मग माडीवर संगणक मांडून त्यांनी महिनेच्या महिने काम केले. काम आणि कामाची जागा यांची शतकानुशतकांची गाठ सुटली, ती अशी.

पर्यटकांविना ओस पडलेल्या देशांनी ही संधी हेरली. एस्टोनियाने ऑगस्ट २०२० मध्ये अशा कर्मचाऱ्यांसाठी निराळे प्रवेशपत्र काढले. त्याच वर्षी बार्बाडोस व दुबई, आणि सन २०२१ च्या आरंभी क्रोएशिया यांनी तोच मार्ग धरला. पोर्तुगालने ३० ऑक्टोबर २०२२ पासून आपली योजना सुरू केली. तेथील किमान वेतनाच्या चौपट मासिक प्राप्ती दाखवावी लागते. स्पेनने डिसेंबर २०२२ च्या कायद्याने ही सोय केली. थायलंडने जुलै २०२४ मध्ये पाच वर्षे मुदतीचे प्रवेशपत्र आणले. त्यासाठी पाच लक्ष बाथ शिल्लक दाखवावी लागते आणि एका खेपेस १८० दिवस राहता येते.

या सर्व योजनांचे सूत्र एकच आहे: पैसा बाहेरून आणा, येथे खर्च करा, परंतु येथील माणसाच्या चाकरीवर हात टाकू नका. जुन्या परवान्याने आपल्या माणसाचे श्रम मागितले. नवा परवाना त्याचा खर्च मागतो. म्हणजे हा निर्वासितही नव्हे, कामगारही नव्हे, आणि वसाहतकारही नव्हे. तो दीर्घ मुदतीचा पाहुणा होय. या विषयातील बहुतेक घोटाळे हा एवढा भेद ध्यानी न घेतल्यामुळे होतात. पुत्र दुरावला म्हणून आईबाप शोक करतात तेही चुकतात, आणि आता आपण युरोपचे रहिवासी झालो असे जो तरुण समजतो तोही चुकतो. पोर्तुगाल व स्पेन येथील परवाना नूतनीकरण होऊन कालांतराने कायम वास्तव्याकडे नेऊ शकतो. उलट इतर कित्येक देशांत मुदत संपली की वळकटी बांधावी लागते. आणि अशा योजना पाहुण्याच्या सोयीसाठी नसून यजमानाच्या सोयीसाठी असल्याने, त्यांचे नियम यजमान केव्हाही बदलू शकतो.

येथे तेरेखोलची खाडी पुन्हा आडवी येते. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांस व त्यांच्या संततीस पोर्तुगालच्या कायद्यान्वये त्या देशाचे नागरिकत्व नोंदविता येते. त्यामुळे पैलतीरावरील पेडण्याच्या तरुणास जे आजोबांच्या जन्मदाखल्यावर मिळू शकते, त्यासाठी ऐलतीरावरील आरोंद्याच्या तरुणास प्राप्तिपत्रे, विमा व बँकेचे उतारे जोडावे लागतात. आजोबा नदीच्या कोणत्या काठी जन्मले, यावर नातवाचा परवाना ठरावा, ही इतिहासाची थट्टाच होय. परंतु पैलतीरावरील सोयीसही किंमत आहे. आपला देश दुहेरी नागरिकत्व मानीत नाही. परकीय नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व जाते. ज्याच्यापाशी भारतीय पारपत्र आहे त्यास अन्यत्र निराळा अनुभव येतो. जपानने मार्च २०२४ मध्ये सहा महिन्यांची अशीच योजना काढली; तीस पात्र देशांच्या यादीत भारताचे नाव नव्हते. जगाचे दार उघडले खरे, परंतु दारातील पहारेकरी कोठे गेलेला नाही.

आता घराच्या प्रश्नाकडे वळू. आपल्या लोकांचे पहिले स्थलांतर पुरुषाचे होते, घर गावी राहिले. दुसऱ्यात कुटुंब गेले, घराला कुलूप लागले. तिसऱ्यात माणूस कोठेच कायमचा नसतो, आणि खरा धोका येथेच आहे. वर्षातील निम्म्याहून अधिक दिवस ज्या देशात काढले तो देश साधारणतः कर मागतो; इकडे १८२ दिवसांच्या हिशेबाने आपले आयकर खाते मागते; मालकाची लेखी अनुमती नसेल तर नोकरीही जाते. अनिवासी ठरलेल्या भारतीयास वारशाने आलेली शेतजमीन ठेवता येते, परंतु नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. भावाने हिस्सा विकावयास काढला आणि आपण लिस्बनला बसून अनिवासी ठरलो, तर पूर्वजांची बागायत डोळ्यांदेखत परक्याकडे जाऊ शकते. सातबाराच्या उताऱ्यास दूरच्या देशातील ऊन कळत नाही.

दुसरी गोष्ट वृद्धांची. भारतात सकाळचे साडेनऊ वाजतात, तेव्हा लिस्बनमध्ये हिवाळ्यात पहाटेचे चार वाजलेले असतात. पुण्याच्या कचेरीचे काम करणारा तेथे रात्रीच उठून बसतो, आणि दुपारी मोकळा होतो तेव्हा आरोंद्यास सांजवात लागलेली असते. आईशी बोलण्यास तीच वेळ सापडते. हे गैर आहे असे मी म्हणत नाही. चाकरमान्याच्या मनीऑर्डरच्या कोपऱ्यातील दोन ओळींपेक्षा हे कितीतरी अधिक आहे. परंतु रात्री दुखणे उद्भवले तर वैद्याकडे कोण नेणार, याचे उत्तर जाण्यापूर्वी लिहून ठेवले पाहिजे.

आपल्या ज्ञातिसंस्थेने एकेकाळी समुद्रगमनास दंड ठरविणाऱ्यांची वाट धरू नये, आणि केवळ नारळ देऊनही थांबू नये. एक नोंदवही ठेवावी: कोण कोणत्या देशी, कोणत्या परवान्यावर, किती मुदतीसाठी गेला, त्याच्या गावच्या घराची किल्ली कोणापाशी आहे, आणि घरी एकटे कोण राहिले आहे. कायदा व करविषयक जाणकार ज्ञातिबांधवांनी वर्षातून एक दिवस जाणाऱ्यांस विनामूल्य सल्ला द्यावा. एवढे कार्य घडले तरी पुष्कळ झाले.

पुतण्यास मी जाऊ नको असे म्हटले नाही. जे काम लिस्बनमध्ये बसून होते ते आरोंद्याच्या माडीवरही होते, हे त्याने सन २०२० मध्ये स्वतःच सिद्ध करून दाखविले आहे. आणि खाडीपलीकडे मोपा येथे जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली आहेत. म्हणजे आपल्या इतिहासात प्रथमच पोटासाठी गाव सोडणे सक्तीचे उरलेले नाही. जाणे हा आता त्याच्या इच्छेचा भाग आहे, तसेच परतणेही. काकींनी मात्र शेवटी एकच विचारले, "चतुर्थीक येतलंस मा?" त्याने होय म्हटले. सातेरी-भद्रकालीच्या कृपेने ते खरे होवो.