सत्तर दिवसांची रात्र

अंधाराचा व मनाच्या उदासीनतेचा कांहीं तरी संबंध आहे, हें मनुष्याला फार प्राचीन काळापासून ठाऊक आहे. मराठी भाषेंतच त्याची साक्ष सांपडते. आनंदाची वार्ता ऐकून चेहरा उजळतो, दुःखानें तो काळवंडतो; संकटांत डोळ्यांपुढें अंधारी येते. परंतु हा संबंध केवळ भाषेच्या अलंकारांतला आहे, कीं शरीराच्या व्यापारांत त्यास कांहीं आधार आहे, याचा निर्णय करावयाचा तर प्रयोग पाहिजे. आणि धडधाकट माणसांना महिनेच्या महिने सूर्यापासून दूर ठेवण्याचा प्रयोग जाणूनबुजून कोण करणार? १८९८ सालीं दक्षिण ध्रुवाकडील बर्फांत तो कोणाच्याहि इच्छेवांचून घडून आला. त्याची हकीकत मोठी उद्बोधक आहे.

१८९७ च्या ऑगस्ट महिन्याच्या १६ तारखेस बेल्जम देशांतील अँटवर्प बंदरांतून 'बेल्जिका' नांवाचें एक लहानसें जहाज दक्षिणेकडे निघालें. पूर्वीं देवमाशांच्या शिकारीसाठीं वापरलेलें हें जहाज शास्त्रीय संशोधनासाठीं दुरुस्त करून घेतलेलें होतें. बेल्जमच्या नौदलांतील तरुण अधिकारी आद्रियां द जर्लाश हा मोहिमेचा नायक होता. जहाजावर अनेक देशांचे लोक होते. पुढें १९११ सालीं दक्षिण ध्रुवावर पहिलें पाऊल ठेवणारा नॉर्वेचा रोआल्ड अमुंडसेन हा त्या वेळीं एक दुय्यम अधिकारी होता. आणि वैद्य म्हणून अमेरिकेचा डॉ. फ्रेडरिक कुक हा होता. कुक यानें १८९१-९२ सालीं ग्रीनलंडच्या उत्तर भागांत एक हिंवाळा काढला होता व तेथील एस्किमो लोकांच्या प्रकृतीवर दीर्घ रात्रीचा काय परिणाम होतो, हें बारकाईनें पाहिलें होतें. हा अनुभव पुढें सर्वांच्या प्राणांवर बेतलें असतां उपयोगीं पडला.

१८९८ च्या मार्च महिन्याच्या आरंभीं जहाज बर्फांत अडकलें. चहूंकडून गोठलेल्या समुद्राचें पठार पसरलें आणि त्या पठाराबरोबर जहाज वाऱ्याच्या मर्जीप्रमाणें इकडे तिकडे वाहूं लागलें. त्यापूर्वीं कोणत्याहि मनुष्यानें दक्षिण ध्रुववृत्ताच्या आंत हिंवाळा काढलेला नव्हता. अठरा माणसें त्या लांकडी कोठडींत सांपडलीं. आरंभीं त्यांनीं धीर सोडला नाहीं. हवामानाच्या नोंदी होत होत्या, समुद्राची खोली मोजली जात होती. करमणुकीसाठीं सचित्र नियतकालिकांतील सुंदर स्त्रियांचीं चित्रें घेऊन एक सौंदर्यस्पर्धाहि त्यांनीं भरविली व तींत गंभीरपणें मतें दिलीं! परंतु दिवस झपाट्यानें लहान होत चालले. आणि मे महिन्याच्या मध्यास सूर्य क्षितिजाखालीं गेला तो सुमारें सत्तर दिवस वर आलाच नाहीं. दुपारच्या सुमारास उत्तरेकडे थोडा वेळ संधिप्रकाश दिसे, एवढाच काय तो दिवस.

यानंतर त्या माणसांत जो पालट झाला, तो कुक यानें आपल्या रोजनिशींत नोंदून ठेवला व १९०० सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. लोकांचे चेहरे निस्तेज व फिक्कट झाले. कोणास भूक लागेना, कोणास झोंप येईना. ज्यांस झोंप येई त्यांस ती विश्रांति देत नसे. नाडी अनियमित चाले, थोड्या श्रमानें धाप लागे. लक्ष एके ठिकाणीं स्थिर होईना, म्हणून शास्त्रज्ञांचीं कामें हातांतच राहूं लागलीं. आधीं गप्पा व थट्टा चालत असत तेथें आतां मौन आलें. आणि प्रत्येकजण आपापल्या विवंचनेंत बसून राहूं लागला. जून महिन्याच्या ५ तारखेस एमिल डांको हा तरुण शास्त्रज्ञ मरण पावला. त्याचें हृदय मुळांतच दुर्बळ होतें. त्या अंधारांत तें टिकलें नाहीं. बर्फास भोंक पाडून त्याचा देह समुद्रास अर्पण करण्यांत आला. नाविकांनीं प्रेमानें पाळलेलें मांजर तेंहि त्याच महिन्यांत सुस्त होऊन मेलें. एका खलाशाच्या मनाचा तोल कायमचा ढळला. सोबती आपणांस मारूं पाहतात, असा भ्रम त्यास जडला. व्यायाम म्हणून जहाजाभोंवतीं फेऱ्या घालण्याचा जो परिपाठ होता, त्यास नाविकांनीं स्वतःच 'वेड्यांच्या इस्पितळाची प्रदक्षिणा' असें नांव ठेवलें होतें.

अशा वेळीं कुक यानें धीर सोडला नाहीं, ही त्याची मोठी थोरवी होय. एस्किमो लोक ताजें मांस खातात व निरोगी राहतात, हें त्यानें पाहिलेलें होतें. म्हणून त्यानें पेंग्विन पक्ष्यांचें व सील प्राण्यांचें मांस थोडेंसेंच शिजवून सर्वांनीं खावें, असा आग्रह धरला. नायक द जर्लाश यास त्या मांसाचा तिटकारा होता; परंतु जीव वांचवावयाचा तर जिभेचे चोचले पुरवून भागणार नव्हतें. दुसरा उपाय अधिक विलक्षण होता. ज्याची प्रकृति फार ढांसळे, त्यास अंगावरील कपडे उतरवून धगधगत्या शेगडीसमोर रोज तासभर बसवावयाचें. सूर्य नाहीं तर निदान अग्नीचा प्रकाश व ऊब शरीरास मिळावी, हा त्यांतील हेतु. जहाजावरील दुसरा प्रमुख अधिकारी कॅप्टन लक्वँत हा जुलै महिन्यांत मरणोन्मुख झाला होता. या दोन उपायांनीं तो थोड्याच दिवसांत उठून बसला. तें पाहून इतरांनींहि उपचार मानला व हळूहळू बहुतेकांस उतार पडला.

जुलैच्या उत्तरार्धांत सूर्याची कोर पुन्हां क्षितिजावर आली. तरीहि बर्फानें जहाजास सोडलें नाहीं. दुसरा हिंवाळा ओढवला तर कोणीहि वांचणार नाहीं, हें सर्वांस उमगलें होतें. म्हणून १८९९ च्या जानेवारींत करवती व सुरुंग घेऊन त्यांनीं बर्फांतून पाण्याची वाट कापण्यास आरंभ केला. कित्येक आठवड्यांच्या श्रमानें जहाज मोकळें झालें व मार्चच्या अखेरीस दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यास लागलें.

या सर्व आपत्तीचें खापर एकट्या अंधारावर फोडणें मात्र न्यायाचें होणार नाहीं. फळें व ताज्या भाज्या न मिळाल्यानें 'क' जीवनसत्त्वाच्या अभावीं होणारा स्कर्व्ही हा रोग जहाजावर शिरला होता. त्यामुळेंहि ग्लानि येते व मन खचतें. ताज्या मांसानें जो गुण आला, तो मुख्यतः या रोगावरचा. शिवाय कोंडमारा, थंडी व मृत्यूची छाया होतीच. परंतु प्रकाशाचा अभाव हें मनाच्या दुखण्याचें एक स्वतंत्र कारण असूं शकतें आणि प्रकाश हें औषध म्हणून देतां येईल, ही कुकची कल्पना पुढील शतकानें खरी ठरविली.

महाराष्ट्राच्या इतिहासांत या सालाची एक वेगळीच संगति लागते. 'बेल्जिका' त्या दीर्घ रात्रींत वाहत होती, त्याच वेळीं लोकमान्य टिळक राजद्रोहाच्या शिक्षेनें कारागृहांत होते. प्रोफेसर मॅक्समुल्लर यांनीं पाठविलेली ऋग्वेदाची प्रत त्यांच्याजवळ होती आणि रात्रीं कांहीं तास दिवा वापरण्याची परवानगी त्यांस मिळाली होती. आर्यांचें मूलस्थान उत्तर ध्रुवाजवळ असावें, असें प्रतिपादन करणारा त्यांचा ग्रंथ १९०३ सालीं प्रसिद्ध झाला. अनेक दिवस टिकणारी उषा, न संपणाऱ्या रात्रीचें भय आणि पैलतीर गांठण्याची प्रार्थना, हे वेदांतील उल्लेख त्यांनीं ध्रुवप्रदेशाशीं जुळवून दाखविले. आजच्या विद्वानांस तो सिद्धांत मान्य नाहीं. तथापि दीर्घ अंधाराची मनुष्याच्या मनास किती धास्ती वाटते, हें त्या सूक्तांवरून ओळखण्याची टिळकांची दृष्टि सूक्ष्म होती, यांत शंका नाहीं.

आतां शास्त्राकडे वळूं. शरीरांत काळ मोजणारी एखादी योजना असावी, असा संशय प्रथम एका वनस्पतीनें उत्पन्न केला. १७२९ सालीं मेरां या फ्रेंच ज्योतिर्विदानें लाजाळूचें झाड अंधारांत ठेवलें, तरीहि त्याचीं पानें दिवसा उघडत व रात्रीं मिटत असल्याचें दिसून आलें. १९३८ सालीं शिकागो येथील नथॅनिएल क्लाइटमन यांनीं एका सहकाऱ्यासह अमेरिकेंतील मॅमथ गुहेंत बत्तीस दिवस काढले आणि चोवीसऐवजीं अठ्ठावीस तासांचा दिवस पाळून पाहिला. तरुण सहकाऱ्याच्या शरीरानें तें वेळापत्रक पत्करलें. क्लाइटमन यांच्या शरीरानें आपला चोवीस तासांचा हेका सोडला नाहीं. हें अंतर्गत घड्याळ पेशींमधील जनुकांच्या व्यापारांनीं चालतें. तें उलगडून दाखविल्याबद्दल हॉल, रॉसबाश व यंग या तिघां शास्त्रज्ञांस २०१७ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

या घड्याळाचें मुख्य केंद्र मेंदूच्या तळाशीं, दोन्ही डोळ्यांचे मज्जातंतु जेथें एकमेकांस छेदतात त्याच्या वर आहे. रोज सकाळचा प्रकाश डोळ्यांत शिरला कीं तें केंद्र आपले कांटे जुळवून घेतें. अंधार पडल्यावर मेलाटोनिन नांवाचा द्रव रक्तांत उतरूं लागतो व शरीरास रात्र झाल्याची वर्दी देतो. हा द्रव १९५८ सालीं लर्नर यांनीं वेगळा काढला; आणि डोळ्यांवर पुरेसा प्रखर प्रकाश पडला तर मनुष्यांतहि त्याचा स्राव थांबतो, हें लुई व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८० सालीं दाखविलें. मग दरवर्षीं हिंवाळ्यांत खिन्न होणाऱ्या माणसांस कृत्रिम प्रकाश देऊन पाहावा, ही कल्पना निघाली. दक्षिण आफ्रिकेंतून अमेरिकेंत आलेले डॉ. नॉर्मन रोझेंथाल यांनीं १९८४ सालीं अशा ऋतुबद्ध खिन्नतेचें वर्णन करून तिला नांव दिलें. आज या व्याधीवर दहा हजार लक्स प्रकाश देणाऱ्या दिव्यासमोर रोज सकाळीं सुमारें अर्धा तास बसणें हा मान्य उपचार आहे. कुकच्या शेगडीचा प्रकाश याच्या मानानें अगदीं मंद होता. परंतु उपचारामागील विचार तोच होता.

झोंप व मन यांचा संबंध तर दुहेरी आहे. मन खचलें कीं झोंप उडते, हें सर्वांस ठाऊक आहे; परंतु झोंप दीर्घकाळ बिघडली तर मन खचण्याचा धोका वाढतो, हेंहि आतां सिद्ध झालें आहे. आळीपाळीनें उन्माद व खिन्नता येणाऱ्या विकारांत एका रात्रीच्या जागरणानेंहि उन्मादाचा झटका येऊं शकतो. उलट, खिन्नतेच्या कित्येक रुग्णांस एका रात्रीच्या संपूर्ण जागरणानंतर दुसऱ्या दिवशीं आश्चर्यकारक आराम वाटतो. मात्र पुन्हां झोंप घेतली कीं तो बहुधा नाहींसा होतो. निसर्गाचें हें कोडें अद्याप पुरतें सुटलेलें नाहीं. म्हणून असे प्रयोग वैद्याच्या देखरेखीवांचून कोणीं घरीं करूं नयेत.

या गोष्टी परदेशांतल्या. आपणांस त्यांचें काय, असें कोणी म्हणेल. मुंबईचा सर्वांत लहान दिवसहि अकरा तासांचा असतो, हें खरें. परंतु भारतीय माणसेंहि आतां ती दीर्घ रात्र अनुभवतात. १९८१ च्या डिसेंबरांत भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम गोव्याहून निघाली; त्यानंतर दक्षिण गंगोत्री, मैत्री व भारती हीं ठाणीं उभारलीं गेलीं, आणि वास्को येथील राष्ट्रीय संस्थेकडून मैत्री व भारती यांचा कारभार चालतो. मैत्रीवर हिंवाळा काढणाऱ्यांस सुमारें दोन महिने सूर्यदर्शन होत नाहीं. 'बेल्जिका'च्या लोकांपाशीं नव्हतीं तीं साधनें त्यांच्यापाशीं आहेत. पण वेळेवर उठणें, एकत्र जेवणें, प्रत्येकास नेमलेलें काम असणें, यांचें महत्त्व तेथें आजहि तितकेंच आहे.

आणि शहरांतील गृहस्थाश्रमी मनुष्यानें आपल्या घराकडे पाहावें. भर दुपारच्या उन्हांत एक लक्ष लक्सपर्यंत प्रकाश असतो. पावसाळी आभाळाखालींहि तो कित्येक हजार लक्स भरतो. आणि दिवे लावलेल्या खोलींत तो दोन-तीनशेंच्या वर क्वचितच जातो. डोळे अंधाराशीं जमवून घेण्यांत इतके वाकबगार आहेत, कीं हा भेद आपल्या लक्षांतहि येत नाहीं. म्हणजे जो मनुष्य सकाळपासून बंद कचेरींत बसतो आणि मध्यरात्रीपर्यंत उजळलेल्या पडद्याकडे पाहत राहतो, त्यानें आपल्या शरीरास दिवसा संध्याकाळ व रात्रीं दिवस दाखविलेला असतो. त्याच्या अंतर्गत घड्याळानें कोणत्या सूर्यावर विश्वास ठेवावा?

आपल्या आजोबांचा परिपाठ पहांटे उठून अंगणांत येण्याचा व दिवेलागणीनंतर लौकर अंथरुणास पाठ टेकण्याचा होता. त्यामागें त्यांनीं शास्त्र शोधलेलें नव्हतें. तेलाची काटकसर हेंहि त्याचें एक कारण होतें. तरी शरीरास तो मानवत असे. प्रत्येक खिन्नता उन्हांत फिरल्यानें जाईल, असा मात्र कोणीं समज करून घेऊं नये. खिन्नता हा पुष्कळदां खरा आजार असतो, त्यास वैद्याचे उपचार लागतात, आणि घरच्यांनीं त्यास आळस किंवा दुबळेपणा म्हणून हिणवणें हा रुग्णावर अन्याय होय. कुक यानें आपल्या सोबत्यांस भित्रे म्हटलें नाहीं. त्यानें त्यांची नाडी पाहिली, त्यांस अन्न भरविलें व अग्नीसमोर बसविलें. अठरांपैकीं सतरा माणसें त्या रात्रींतून जिवंत बाहेर आलीं, त्याचें श्रेय या समजूतदारपणास मोठें आहे.