वाटसरूच्या रात्रीची सोय : नाशिकचा एक शिलालेख

१/ आल्प्स पर्वतात पायी फिरणाऱ्यांना वाटेवर मुक्कामाची घरे मिळतात. स्विस आल्पाइन क्लबने आपले पहिले घर १८६३ साली उभारले. ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीतील धर्मशाळा तर अकराव्या शतकातील. आपल्याकडे अशी सोय कोणी केली होती? उत्तर नाशिकच्या पांडवलेण्यांत कोरलेले आहे.

२/ लेणे क्रमांक १०. क्षत्रप नहपानाचा जावई, दिनीकाचा पुत्र उषवदात (ऋषभदत्त) याचा हा लेख. काळ इसवी सनाचे पहिले-दुसरे शतक. लेण्याच्या दानाआधी त्याच्या अन्य दानांची यादी येते.

३/ भरुकच्छ (भडोच), दशपूर (मंदसोर), गोवर्धन (नाशिकजवळ) आणि शूर्पारक (नालासोपारा) येथे त्याने चतुःशाला व प्रतिश्रय दिले. चतुःशाला म्हणजे अंगणाभोवती चारही बाजूंनी दालने असलेली वास्तू. प्रतिश्रय म्हणजे प्रवाशाचे आश्रयस्थान.

४/ पुढे सहा नद्या येतात : इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा, दाहनुका. या नद्यांवर त्याने विनामूल्य नावा ठेवल्या. अभ्यासकांच्या मते पारदा म्हणजे पार आणि इबा म्हणजे बहुधा अंबिका. या दोन्ही नद्यांचे पाणी सुरगाण्याच्या डोंगरांतून वाहत पश्चिम समुद्राकडे जाते.

५/ लेखातील सर्वांत मोलाचा तपशील पुढेच आहे. या नद्यांच्या दोन्ही तीरांवर त्याने ‘सभा’ आणि ‘प्रपा’, म्हणजे विसाव्याच्या जागा व पाणपोया केल्या. एकाच तीरावर का नाही? कारण पूर आला, की अल्याडचाही अडकतो आणि पल्याडचाही. निवारा नेमका कुठे हवा, हे येथे वाटसरूच्या बाजूने ठरवलेले दिसते.

६/ हे केवळ पुण्यकर्म नव्हे. भडोच आणि सोपारा ही समुद्री व्यापाराची बंदरे होती. घाटमाथ्यावरचा माल तेथे पोहोचायचा, तर बैल आणि माणसे दोघांनाही रस्ता सुखरूप हवा. दात्याला पुण्य, राज्याला व्यापार आणि वाटसरूला रात्र : एकाच दानात तिन्ही गोष्टी साधल्या.

७/ त्या वास्तू आज दिसत नाहीत. उरली ती कातळातील अक्षरे. म्हणूनच सुरगाणा तालुक्यातील हातगडावर गेलात, तर खडकात खोदलेली टाकी पाहूनच परत फिरू नका. खालच्या वाटा नदी कुठे ओलांडतात, तेही पाहा. जुन्या प्रवासाचा इतिहास गडाइतकाच उताराच्या जागी सापडतो.