पृथग्जन : उद्योगपर्वांतील एक शब्द व अणुबाँबचा वाद

ऑगस्ट महिना उजाडला कीं हिरोशिमाचा विषय निघतो आणि आपल्याकडे कोणीतरी लगेच अश्वत्थाम्याचें नांव घेतो. मागें एकदां येथें वर्तकनगरांत घरीं आलेल्या एका जुन्या विद्यार्थ्यानें मला अडविलें. "सर, अर्जुनानेंहि अस्त्र सोडलेंच कीं! मग युद्ध थांबविण्यासाठीं अमेरिकेनें बाँब टाकला, त्यांत अधिक तें काय?" त्यास त्या वेळीं दिलेलें उत्तर माझें मलाच अपुरें वाटलें, म्हणून हें टिपण.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. सौप्तिकपर्वांत ब्रह्मशिर अस्त्र सुटतें तें युद्ध संपविण्यासाठीं नव्हे. युद्ध तोंपर्यंत संपलेलेंच आहे. झोपलेल्या पांचालांची व द्रौपदीच्या पुत्रांची कत्तल करून पळालेला अश्वत्थामा कोंडींत सापडतो व एक इषीका अभिमंत्रून सोडतो. अर्जुनाचें अस्त्र तें शमविण्यापुरतें आहे, आणि व्यास-नारद मध्यें उभे राहतांच तो तें आवरतो. अश्वत्थाम्यास आवरतां येत नाहीं. तो तें पांडवस्त्रियांच्या गर्भांवर वळवितो. या अस्त्राचा दुसऱ्या परमास्त्रानें प्रतिकार होतो त्या देशांत बारा वर्षें पाऊस पडत नाहीं, असेंहि तेथें सांगितलें आहे. किरणोत्साराशीं याचें साम्य पाहून हुरळून जाणारे पुष्कळ भेटतात. (भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तींतील हें पर्व प्रा. ह. दा. वेलणकर यांनीं संपादिलेलें. तें १९४८ त, म्हणजे हिरोशिमानंतर तीनच वर्षांनीं, प्रसिद्ध झालें.) परंतु अस्त्रांची तुलना करून वाद सुटत नाहीं, तुलना युक्तिवादांची केली पाहिजे.

अमेरिकेचा युक्तिवाद त्या वेळचे युद्धमंत्री हेन्री स्टिम्सन यांनीं १९४७ च्या फेब्रुवारींत 'हार्पर्स' मासिकांत मांडला. जपानवर स्वारी केली असती तर एकट्या अमेरिकन सैन्यांतच दहा लक्षांहून अधिक लोक हताहत होतील असा अंदाज होता; बाँबनें युद्ध लवकर संपलें व ती हानि टळली, असें त्याचें सार. हिरोशिमा व नागासाकी मिळून १९४५ अखेरपर्यंत सुमारें दोन लक्ष माणसें मेलीं, तीं बहुतेक नागरिक होतीं.

आतां उद्योगपर्व पाहावें. अंबा-शिखंडीची कथा संपल्यावर दुर्योधन आपल्या सेनानींस विचारतो कीं, पांडवसैन्य किती काळांत संपवाल? भीष्म व द्रोण प्रत्येकीं एक मास म्हणतात, कृप दोन मास, अश्वत्थामा दहा दिवस, कर्ण पांच. हेरांकडून हें कळतांच युधिष्ठिर तोच प्रश्न अर्जुनास करतो. अर्जुन म्हणतो, श्रीकृष्णाचें साह्य व किरातरूपी शंकराचें पाशुपत असतां एका निमिषांत. आणि लागलीच पुढें सांगतो कीं, दिव्य अस्त्रांनीं पृथग्जनांस मारणें युक्त नव्हे. आपण सरळ युद्धानेंच जिंकूं. युद्ध लवकर संपविण्याचा उपाय हातांत आहे, विचारणारा साक्षात् धर्मराज आहे, आणि उत्तर नकाराचें आहे.

हा शब्द ताणूं नये. पृथग्जन म्हणजे सामान्य, प्राकृत लोक; येथें संदर्भ रणांगणाचा असल्यानें दिव्यास्त्रें न जाणणारे सैनिकच अभिप्रेत आहेत, नगरवासी नव्हेत. पण शस्त्र घेऊन समोर उभा असलेला सैनिकहि जेथें वर्ज्य, तेथें घरांत असलेल्या बायकामुलांविषयीं कैमुतिकन्यायानें वेगळें सांगावयास नको. हाच अर्थ द्रोणपर्वावरून दृढ होतो. अस्त्रें न जाणणाऱ्यांस द्रोणाचार्य ब्रह्मास्त्रानें जाळूं लागतात, तेव्हां विश्वामित्र, वसिष्ठ आदि ऋषि येऊन नेमका हाच दोष त्यांच्या पदरीं घालतात. त्या ऋषींत त्यांचे पिते भरद्वाजहि आहेत.

विद्यार्थ्याचा खरा आक्षेप मात्र पुढें आला, आणि तो मोठा होता. अर्जुनानें संयम राखला तरी अठरा अक्षौहिणी सैन्य मेलेंच. उरले इकडचे सात व तिकडचे तीन. मग संयमानें वांचलें कोण? हिशेबानें पाहतां कोणी नाहीं, हें कबूल केलेंच पाहिजे. शिवाय युद्ध चालू असतां अर्जुनानेंहि दिव्यास्त्रें वापरलींच. परंतु त्याचा नकार हिशेबावर उभा नव्हता. किती मरतील असें तो म्हणत नाहीं. कोणास कशानें मारावें एवढेंच म्हणतो. स्टिम्सन यांचा सारा आधार संख्येवर आहे, आणि टळलेले मृत्यु कोणी मोजले नाहींत, मोजतांहि येत नाहींत.

१९४६ च्या जुलैच्या आरंभीं गांधीजी पुण्यास होते. बाँबच्या भयंकरपणामुळेंच जग अहिंसेकडे वळेल असें कांहीं अमेरिकन मित्रांचें म्हणणें होतें. त्यास त्यांनीं पुण्याहून उत्तर लिहिलें, तें ७ जुलैच्या 'हरिजन'मध्यें आलें. मिष्टान्नाचा वीट आलेला मनुष्य वीट सरतांच दुप्पट हांवेनें परततो, अशी त्यांची उपमा होती. पुढें ८ जुलै १९९६ रोजीं हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानें अण्वस्त्रांवर अभिप्राय दिला; त्यांतील मुख्य कलमावर मतें सात-सात अशीं पडलीं. श्रीलंकेचे न्यायमूर्ति वीरमंत्री यांनीं आपल्या भिन्नमतपत्रिकेंत अर्जुनानें पाशुपतास्त्र न वापरल्याचा दाखला दिला आहे. उद्योगपर्वांतील एक नकार असा न्यायालयाच्या दप्तरीं दाखल झाला.

राहिला प्रश्न मराठीचा. मुक्तेश्वराच्या भारताचीं आदि, सभा, वन, विराट व सौप्तिक एवढींच पर्वें उपलब्ध असल्यामुळें त्यानें या स्थळीं कोणता शब्द योजला असता हें कळण्यास मार्ग नाहीं. ज्यांच्या संग्रहीं मराठी उद्योगपर्वाची, कोणत्याहि कवीची, जुनी पोथी असेल त्यांनीं शेवटचीं पांच-सात पानें पाहून अर्जुनाच्या या उत्तराचा उतारा मंडळाकडे अवश्य धाडावा. पानें झिजलेलीं असल्यास जेवढीं अक्षरें लागतील तेवढींच कळवावीं. पदरचीं घालूं नयेत.