दृष्टान्त, दार्ष्टान्तिक आणि द्राक्षमळ्यातील मजूर

'दाखला' हा शब्द माजलगावात उच्चारला की विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर तहसील कार्यालयाची खिडकी उभी राहते. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला. येशूने सांगितलेल्या गोष्टींनाही मराठी बायबलमध्ये 'दाखले' म्हणतात हे कळल्यावर वर्गात हमखास हसू फुटते. आम्ही दोघे एम.ए.च्या वर्गाला 'दृष्टान्तपाठ' शिकवताना तुलनेसाठी यांतले एक-दोन दाखले वाचतो. आरंभी हेतू मर्यादित होता. महानुभावांच्या दृष्टान्ताचे वेगळेपण उठून दिसावे, एवढाच. प्रत्यक्षात घडले उलटे. 'दृष्टान्तपाठा'च्या उजेडात येशूचे दाखलेच आम्हाला नव्याने वाचावे लागले.

'दृष्टान्तपाठा'ची रचना अभ्यासकांना परिचित आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात केसोबासांनी चक्रधरस्वामींनी निरूपणात सांगितलेले ११४ दृष्टान्त एकत्र केले आणि प्रत्येकाची मांडणी तीन अंगांनी केली: सूत्र, दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक. सूत्र व दृष्टान्त स्वामींचे. त्यांचा अर्थ उलगडणारे दार्ष्टान्तिक मात्र केसोबासांचे स्वतःचे. हत्तीला चाचपणाऱ्या आंधळ्यांची गोष्ट संपते कोठे आणि तिचे विवरण सुरू होते कोठे, हे वाचकाला बोट ठेवून दाखवता येते. आमच्याच जिल्ह्यातील गेवराई तालुक्यात गोदाकाठी पंचाळेश्वर हे महानुभावांचे मोठे तीर्थ आहे. त्यामुळे हा ग्रंथ आमच्या विद्यार्थ्यांना दूरचा वाटत नाही; परंतु त्याच्या मांडणीत केवढा वाङ्मयीन प्रामाणिकपणा आहे, हे आम्हालाही फार उशिरा जाणवले.

शुभवर्तमानांत हा भेद असा उघड दिसत नाही. मार्कच्या चौथ्या अध्यायात पेरणाऱ्याचा दाखला येतो: काही बी वाटेवर पडते, काही खडकाळीत, काही काटेरी झुडपांत, काही सुपीक भुईत. पाठोपाठ येशू शिष्यांना एकेका जमिनीचा अर्थ सांगतो. हे विवरण मुळात येशूचे की आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीचे, हा प्रश्न युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऐरणीवर आला. अडोल्फ यूलिशर या जर्मन पंडिताने दाखल्यांवर शतकानुशतके चढवलेली रूपकांची पुटे खरवडून काढली. सी. एच. डॉड यांनी १९३५ मध्ये आपल्या दाखल्यांवरील ग्रंथात हे विवरण नंतरचे ठरवले. या निष्कर्षावर आजही सर्वांचे एकमत नाही. तरीही मराठीच्या अभ्यासकाला हा वाद ओळखीचा वाटावा. केसोबासांनी जे वेगळ्या शीर्षकाखाली ठेवले, ते शुभवर्तमानकारांनी कथेतच गुंफले असावे, असे आम्हाला वाटते.

मग मराठी वाचकाने दाखले या दृष्टीने का वाचले नाहीत? ख्रिस्तकथा मराठी वळणाच्या काव्यात आली ती गोव्यात, फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराणा'तून (पहिली आवृत्ती १६१६). पण तिचा प्रवाह देशावर फारसा पोहोचला नाही. इकडे दाखले आले ते छापील गद्यातून. अमेरिकन मिशनने मुंबईत मराठी 'नवा करार' १८२६ मध्ये पूर्ण केला आणि दोनच वर्षांनी सदाशिव काशीनाथ छत्रे यांची 'इसापनीतिकथा' प्रसिद्ध झाली. या जवळिकीचा परिणाम झाला असावा, असा आमचा तर्क आहे. गोष्ट संपली की खाली 'तात्पर्य' शोधायची सवय मराठी डोळ्यांना याच काळात लागली, आणि तीच दाखल्यांनाही लागू झाली. उधळ्या पुत्राच्या गोष्टीखाली 'आईवडिलांची आज्ञा पाळावी' असे लिहिता येते. मात्र मग दाराबाहेर रुसून उभ्या राहिलेल्या थोरल्या भावाचे करायचे काय? तो आत गेला की नाही, हे लूक सांगतच नाही. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून सर्वसामान्य स्त्रियांना कळेल अशा साध्या मराठीत बायबलचे भाषांतर केले. ते त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये, प्रसिद्ध झाले. भाषा सोपी करणे आणि अर्थ सोपा करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या भाषांतराच्या निमित्ताने पुन्हा ध्यानात घ्यावे.

आमची खरी परीक्षा झाली ती मत्तयाच्या विसाव्या अध्यायातील दाखल्याशी. द्राक्षमळ्याचा धनी पहाटे बाजारात जाऊन दिवसाच्या एका दीनारावर मजूर ठरवतो. पुढे सकाळी, दुपारी, तिसऱ्या प्रहरी पुन्हा जातो. दिवस मावळायला तासभर उरला असतानाही जातो, तेव्हा तिथे माणसे उभीच असतात. आम्हाला कोणी कामावर घेतलेच नाही, असे ती सांगतात. संध्याकाळी कारभारी सर्वांना एकेक दीनार देतो, तेही शेवटच्यांपासून. पहाटेपासून राबलेले कुरकुरतात.

हा दाखला आम्ही 'ईश्वराची कृपा मोजून मिळत नाही' या बोधासह फळ्यावर लिहीत आलो होतो. एका वर्षी एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, यात खाडा कापला नाही का?" ज्यांना हा शब्द परिचित नसेल त्यांच्यासाठी: बीड जिल्ह्यातून दर हंगामात असंख्य कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि टनाच्या दराने ती फेडायची. आजारपणामुळे चुकलेला दिवस म्हणजे खाडा. त्याचे पैसे उलट अंगावर लागतात. चुकलेल्या तासांचीही मजुरी देणारा धनी या विद्यार्थ्याला कृपेचे रूपक वाटला नाही. तो त्याला हिशेबातली चूक वाटला. दुसऱ्या एकीने आणखी नेमके बोट ठेवले. गरीब मजुराची मजुरी सूर्यास्तापूर्वी द्यावी असा मोशेचा नियम अनुवादाच्या पुस्तकात आहे, हे आम्ही सांगितले होते. त्यावर ती म्हणाली, "आमच्याकडे तर पैसे काम सुरू व्हायच्या आधीच मिळतात, आणि तिथेच माणूस अडकतो." त्या दिवशी फळ्यावरचा बोध आम्ही स्वतःच पुसला.

घरी येऊन पुन्हा पाहिले. दाखल्याच्या शेवटी, सोळाव्या वचनात, शेवटल्यांना पहिले स्थान मिळण्याविषयीचे विधान येते. तेच विधान मार्कच्या दहाव्या आणि लूकच्या तेराव्या अध्यायात अगदी निराळ्या संदर्भांत आढळते. म्हणजे ते या गोष्टीचे अविभाज्य अंग नसावे. आमच्या परिभाषेत ते मत्तयाचे दार्ष्टान्तिक. गोष्ट संपते ती पंधराव्या वचनाशी, धन्याने कुरकुरणाऱ्याला विचारलेल्या प्रश्नावर, आणि त्याचे उत्तर कोणी देत नाही.

आता आम्ही विद्यार्थ्यांना पंधराव्या वचनापर्यंतचाच मजकूर देतो. त्याखाली 'दार्ष्टान्तिक' असे शीर्षक आणि अर्धे पान कोरे. एकाने लिहिले की दुसऱ्या दिवशी पहाटे कोणीच कामाला येणार नाही, याचा विचार धन्याने करायला हवा होता. दुसऱ्याने लिहिले, दिवसभर चौकात उभे राहणे हेही कामच असते. पट्टा पडल्यावर, सत्राचे तीन आठवडे उरले असताना वर्गात आलेल्या एका मुलीने तीन ओळी लिहिल्या. त्यांत धनी नव्हता, कुरकुरणारा मजूर होता, आणि त्याचे म्हणणे तिला पटले होते. तिला पूर्ण गुण द्यावेत की नाही, यावर आम्हा दोघांचे अद्याप एकमत झालेले नाही.