अबोला

परवा भाची सोमाटण्याला आली होती. लग्नाला दोन वर्षं झालीत. चहा घेताना म्हणाली, "मामा, आमचे विचार जुळतात हो. पण काही बिनसलं की तो चार-चार दिवस बोलतच नाही."

मला एकदम रमाबाई रानडे आठवल्या. त्यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' १९१० साली निघाल्या. मी त्या किती वेळा वाचल्या असतील!

१८७३ मध्ये लग्न झालं तेव्हा रमाबाई ११ वर्षांच्या, माधवराव ३१ वर्षांचे. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या माणसानं वडिलांच्या आग्रहाखातर लहान मुलीशी लग्न केलं म्हणून लोकांनी नावं ठेवली. म्हणजे विचार आणि आचार यांचा मेळ पहिल्या दिवशीच नव्हता. पुढे तो बसला तो शिकण्या-शिकवण्यातून. माधवरावांनी पत्नीला अक्षरओळख करून दिली, मग इंग्रजीही शिकवलं. घरातल्या बायकांचे टोमणे सोसून रमाबाई शिकल्या. रात्री त्या पतीच्या तळपायांना तूप चोळत. मनाविरुद्ध काही घडलं की माधवराव आरडाओरडा करत नसत, गप्प बसत. ते गप्प बसणं किती जड जाई, हे रमाबाईंनी लपवलेलं नाही.

१८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये झालेल्या चहापानाबद्दल माधवरावांनी १८९२ मध्ये मित्रांची अडचण पाहून प्रायश्चित्त घेतलं. रमाबाईंना ते रुचलं नाही, आणि तेही त्यांनी लिहून ठेवलं. पुस्तकात पतीचं नाव न घेता 'स्वतः' म्हणणाऱ्या बाईंना स्वतःचं मत होतं! १९०१ मध्ये माधवराव गेले. त्यानंतर रमाबाईंनी १९०९ मध्ये पुण्याचं सेवासदन उभं केलं आणि १९२४ पर्यंत, शेवटपर्यंत सांभाळलं. निष्ठा म्हणतात ती हीच असावी.

तरी एक गोष्ट मला आता खटकते. त्या घरात अबोला धरायची मुभा एकालाच होती. समोरच्यानं फक्त वाट पाहायची.

खटकते, कारण मीही त्यातलाच. शाळेत दिवसभर बोलायचो आणि घरी रुसलो की पेपर तोंडापुढे धरायचो. ही भाजी निवडत बसायची, मी कधी बोलतो याची वाट बघत. तिला जाऊन सहा वर्षं झाली. आता घरात अबोलाच आहे, पण तो मोडायला कुणी नाही.

भाचीला एवढंच म्हटलं, "पुढच्या रविवारी जावईबापूंना घेऊन ये. मला त्यांच्याशी थोडं बोलायचंय."

असो.