क्विट की विथड्रॉ?

गेल्या आठवड्यात हापिसात एका बटणावरून अर्धा तास वाद झाला. त्यावर 'क्विट' लिहायचं की 'एक्झिट'? मॅकवाले एका बाजूला, विंडोजवाले दुसऱ्या. मी म्हटलं, काय फरक पडतो यार!

शनिवारी घरी नगरला (आता अहिल्यानगर) आलो आणि भुईकोट किल्ल्यापाशी स्वतःचंच वाक्य आठवून हसू आलं. कारण फरक पडतो.

१९४२ साली इंग्रजांना 'जा' म्हणायचं हे ठरलं होतं, पण कोणत्या शब्दात? शांतिकुमार मोरारजींनी सांगितलेली आठवण अशी: कुणीतरी 'गेट आऊट' सुचवलं, ते गांधीजींना असभ्य वाटलं. राजाजींनी 'रिट्रीट' किंवा 'विथड्रॉ' सुचवलं, तेही पसंत पडलं नाही. मग युसुफ मेहेरअली यांनी एक धनुष्य भेट दिलं, त्यावर कोरलं होतं 'क्विट इंडिया'. गांधीजी म्हणाले, 'आमेन'! ('सायमन गो बॅक' हेही मेहेरअलींचंच. माणसाला घोषणांचा कान होता.)

आता 'विथड्रॉ'त काय वाईट होतं? मला वाटतं, तो सैन्याचा शब्द आहे. त्याच वर्षी इंग्रज ब्रह्मदेशातून 'विथड्रॉ' झाले होते, म्हणजे पुन्हा येण्याच्या बोलीवर. शिवाय गांधीजी दोस्तांच्या फौजा युद्धापुरत्या इथे राहू द्यायला तयार होते. जायचं होतं ते राज्याने. 'क्विट' हा घरमालकाचा शब्द. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात भाडेपट्टा संपवायच्या नोटिशीसाठी तो आहे. नोटीस देतो तो मालक, आणि घेतो तो भाडेकरू! इंग्रजांच्याच कायद्यातला शब्द त्यांच्याच हातात.

गंमत म्हणजे ८ ऑगस्टच्या ठरावात मात्र 'विथड्रॉवल'च आहे, तेही 'ब्रिटिश सत्तेचं'. ठराव वकिली भाषेत, घोषणा रस्त्याच्या. दुसऱ्या दिवशी पहाटेच धरपकड झाली. गांधीजी पुण्याला आगाखान पॅलेसमध्ये, आणि नेहरू, पटेल, आझाद वगैरे कार्यसमितीचे १२ जण आमच्या किल्ल्यात. नेहरू तिथे २८ मार्च १९४५ पर्यंत होते. 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' तिथलंच, हे नगरच्या पोराला वेगळं सांगावं लागत नाही.

आणि एवढा शब्दांचा कीस पाडून झाल्यावर आपण मराठीत काय म्हणतो? 'चले जाव'. म्हणजे जवळपास 'गेट आऊट'च की!

असो. सोमवारी बटणाचा वाद पुन्हा आहे. या वेळी मी गप्प बसणार नाही.